ऋण काढून नाईल

दिवाळी जवळ आली, की हल्ली आमच्या वैशाखऱ्यासारख्या मुरबाड तालुक्यातल्या गावापर्यंतही परदेशप्रवासाची पत्रके येऊन पोचतात. आठ दिवसांत सारा इजिप्त! कैरो, अलेक्झांड्रिया, आस्वान, अबू सिंबेल, लक्झर आणि शेवटी तांबड्या समुद्राची चौपाटी. पैसे नसले तरी चिंता नाही; हप्ते बांधून देऊ!

वाचकहो, अशा वेळी पत्रक बाजूला ठेवावे आणि मुलांचा नकाशा उघडावा. कैरोहून लक्झर सुमारे ६५० किलोमीटर, आस्वान त्याहून २०० च्या वर पुढे आणि अबू सिंबेल आणखी पावणेतीनशेंच्या पलीकडे. आठांतले दोन दिवस तर घरून निघण्यात आणि घरी पोचण्यातच सरतात. उरलेल्या सहा दिवसांत ही दौड करणारा माणूस पाहणार काय? पुढच्या बाकावरच्या गृहस्थाचे डोके!

मी मॅट्रिक झालेला खेड्यातला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लक्ष्मीने काही घर विचारले नाही. तरी दूरदेशी जावे ही हौस मला आहे आणि ती लपवण्याचे कारण मला दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच, की पैसा बेताचा असेल तर गावे कमी करावीत, आणि कर्ज मात्र अजिबात काढू नये.

यावर एक पक्ष म्हणतो, "आपल्यासारख्यांना हे सोंग हवे कशाला?" त्यांनी जरा मान वर करून नाणेघाटाकडे पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरकडचा माल याच वाटेने उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात असे. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरची गलबते थेट इजिप्तपर्यंत जात. तिथल्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात साडेसात किलो हिंदुस्थानी मिरी भरलेला रांजण निघाला आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर आनंदीबाई जोशी घ्या. जन्म कल्याणचा, १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय त्या अमेरिकेला गेल्या. तेव्हा दूरदेश ही काही बंगलेवाल्यांची मिरास नव्हे.

दुसरा पक्ष हप्तेवाल्यांचा. त्यांना उत्तर पाटीवर द्यावे. १,४४,००० रुपये चौदा टक्क्यांनी घेऊन तीन वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे ४,९०० रुपये मोजावे लागतात आणि व्याजच तेहेतीस हजारांच्या वर जाते. तेच दरमहा ३,००० रुपये टपालाच्या बचतीत टाकले, तर चार वर्षांत तेवढेच मुद्दल जमते आणि व्याज उलट आपल्याला मिळते. ऋण काढून सण करू नये, असे आपले वडील सांगत आले. ऋण काढून नाईल पाहावी असे त्यांच्या कोणत्या म्हणीत आहे?

आणि "एकदाच जाणार, तर सगळे पाहून घ्या" हा उपदेश तर सर्वांत महागडा! मी दोनच गावे धरतो. कैरोत तीन दिवस: गिझाचे पिरॅमिड, जुने शहर आणि २०२५ च्या नोव्हेंबरात रीतसर उघडलेले नवे भव्य संग्रहालय. तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा आता तिथेच आहे. मग रात्रीच्या आगगाडीने लक्झर. एका रात्रीचे लॉजभाडे वाचते. तिथेही तीन दिवस. पलीकडच्या तीरावर जायला गावकऱ्यांची होडी आहे, मोटार कशाला? राजांच्या दरीत साध्या तिकिटात तीनच थडगी पाहायला मिळतात, तुतनखामेनच्या थडग्याचे तिकीट निराळे. आणि परदेशी पाहुण्याला सगळीकडे स्थानिकापेक्षा जास्त दर. म्हणून विमान, व्हिसा आणि ही तिकिटे वहीत आधी मांडावीत, राहण्याजेवण्याचे मागून पाहावे. जेवणाचे भय नको. कोशरी म्हणून तिथे भात, मसूर आणि मॅकरोनी एकत्र करून वर टोमॅटोचा रस्सा नि तळलेला कांदा घालतात. शाकाहारी माणसाचे पोट थोड्या पैशांत भरते.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र जाऊ नये. तेव्हा लक्झरला पारा चाळिशी ओलांडतो. शाळेची दिवाळीची सुट्टी हाच त्या देशाचा सुखाचा काळ.

हिशेब मांडून प्रवास करण्यात कसला आला कमीपणा? नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेने यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे आकड्यांनिशी दगडात कोरून ठेवली. राणीला आकडे लिहायची लाज वाटली नाही, ती मास्तराला का वाटावी? यंदा फराळाची ताटे आवरली, की घरातल्या सर्वांनी मिळून एक शंभर पानी वही घ्यावी, पहिल्या पानावर देशाचे नाव लिहावे आणि दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत जाऊन खाते उघडावे. पत्रक हवे तर रद्दीत घालावे. तेवढेच दोन पैसे खात्यात पडतील.