पहिली नोकरी : पेढे वाटून झाल्यावर काय?

मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की आपण पेढे वाटतो. आधी देवापुढे, मग शेजारीपाजारी, मग गावोगावच्या नातेवाइकांना फोन. पण तीच मुलगी किंवा मुलगा तीन महिन्यांनी बॅग घेऊन परत घरी येतो, तेव्हा कुणी कुणाला काही सांगत नाही. विचारलंच तर, ‘तिथलं पाणी मानवलं नाही’, ‘मेसचं जेवण बाधलं’, ‘साहेब बरा नव्हता’. आणि विषय संपतो.

मी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. दरवर्षी जूनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं निरोप घेऊन जातात आणि दिवाळीच्या सुमारास त्यातली बरीच पुन्हा दिसू लागतात. कुणी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावलेला असतो, कुणी एम. कॉम.ला प्रवेश घेतलेला असतो, कुणी नुसतंच घरी असतं. नोकरी मिळत नाही हे दुःख आहेच. पण मिळालेली नोकरी टिकत नाही, हे त्याच्या शेजारचं दुसरं दुःख आहे. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

एक ताजं उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २१ ते २४ वयाच्या तरुणांनी देशातल्या मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम शिकायचं, दरमहा ५ हजार रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६ हजार रुपये मिळणार, अशी ती आखणी होती. पहिल्या फेरीत सुमारे १ लाख २७ हजार जागा होत्या. कंपन्यांनी ८२ हजारांवर ‘या’ म्हणून निरोप दिले. होकार आला सुमारे २८ हजार जणांचा. आणि प्रत्यक्षात रुजू झाले साधारण पावणेनऊ हजार!

हे असं का झालं? घरापासूनचं अंतर, वर्षभराचा लांब काळ आणि मनाजोगतं काम नसणं, ही कारणं सरकारनेच सांगितली. ती खोटी नाहीत. ५ हजार रुपयांत परक्या शहरात राहायचं कसं, हा प्रश्न कुठलीही आई विचारेल. पण या आकड्यांकडे बघताना मला आणखी एक गोष्ट दिसते. दार उघडलं म्हणजे माणूस आत जातोच असं नाही. आत काय असतं, तिथे कसं वागायचं, आपल्याकडून काय अपेक्षा असेल आणि आपण काय मागू शकतो, हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर उंबऱ्यावरच पाय अडखळतो.

पस्तीस टक्क्यांची सवय

आमच्या गावातल्या दोन-तीन कामाच्या ठिकाणी मी मुद्दाम चौकशी केली. एक सी. ए.चं ऑफिस, एक पतसंस्था आणि एक खासगी दवाखाना. मला वाटलं होतं, ‘मुलांना इंग्रजी येत नाही’, ‘कॉम्प्युटर येत नाही’ अशी तक्रार ऐकायला मिळेल. ती होती, पण शेवटी होती. सगळ्यात आधी सांगितलं गेलं ते असं : न सांगता दांडी मारतात. चूक झाली तर लपवतात. समजलं नाही तरी मान डोलावतात.

आता यात मुलांचा दोष किती आणि आपला किती, हे बघायला हवं. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात त्यांना काय शिकवलं आपण? प्रश्न शिक्षकांनी विचारायचा, उत्तर मुलाने द्यायचं. नोकरीत नेमकं उलट असतं. तिथे न कळल्यास प्रश्न नव्या माणसानेच विचारायचा असतो. परीक्षेत ३५ मार्क मिळाले की पास. पण पतसंस्थेच्या खातेवहीत शंभर नोंदींपैकी ९९ बरोबर आणि एक चुकली, तरी संध्याकाळी हिशेब जुळत नाही आणि सगळे अडकून बसतात. कॉलेजात हजेरी कमी पडली तर आपण डॉक्टरचा दाखला आणून देतो. दवाखान्यात सकाळच्या पाळीची मुलगी आली नाही, तर रात्रपाळीच्या मुलीला घरी जाता येत नाही.

घरातही आपण म्हणतो, ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघू.’ प्रेमाने म्हणतो. पण त्यामुळे वीस वर्षांच्या मुलाला बँकेत केवायसीचा फॉर्म भरता येत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू कार्यालयात वडील जातात, मुलगा गाडीवर बाहेर थांबतो. खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलणं, ‘उद्या या’ म्हटल्यावर ‘किती वाजता येऊ, कुणाला भेटू’ असं विचारणं, कागदाची झेरॉक्स आपल्याजवळ ठेवणं, हे सगळं खरं तर नोकरीचंच शिक्षण आहे. आणि ते फुकट आहे. दहावी झाल्यापासून घरातलं एक सरकारी काम आणि एक बँकेचं काम मुलांवर सोपवून बघा. एक-दोन खेपा वाया जातील, जाऊ द्यात.

रुजू होण्याआधी तीन वाक्यं मात्र तोंडात बसवून घ्यावीत. ‘मला हे समजलं नाही, एकदा दाखवाल का?’ ‘माझ्याकडून ही चूक झाली आहे, आता काय करू?’ आणि ‘मला उद्या यायला जमणार नाही, आजच कळवतो.’ साधी वाटतात, पण पहिल्या सहा महिन्यांतली निम्मी बोलणी या तीन वाक्यांनी वाचतात.

आणि मैत्रिणींनो, एक आपल्यासाठी. कामाच्या वेळात फोन नको. ‘जेवलास का’ हे रात्रीही विचारता येतं. मामाच्या मुलीच्या हळदीला आलाच पाहिजेस, हा हट्ट पहिल्या सहा महिन्यांत तरी नको. मुलाच्या रजेसाठी वडिलांनी साहेबांना फोन करणं तर अजिबात नको.

नोकरी नक्की कुठली?

इथवर वाचून कुणाला वाटेल, सगळं शहाणपण मुलांनीच शिकायचं का? मालकाने काहीच नाही? तसं नाही. अपेक्षा दोन्ही बाजूंनी असतात. आपल्याकडे मात्र ‘नोकरी दिली हेच उपकार’ अशी भावना इतकी मुरलेली आहे, की मुलं काही विचारतच नाहीत.

‘मुलगा चाकणला कंपनीत लागला’ असं आपण कौतुकाने सांगतो. पण तो कंपनीच्या पटावर आहे, ठेकेदाराच्या पटावर आहे, की ॲप्रेंटिस म्हणून शिकतो आहे? चाकण असो, रांजणगाव, वाळूज की बुटीबोरी, गेट एकच, गणवेशही पुष्कळदा सारखाच. हक्क मात्र वेगळे. ॲप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन साधारणपणे कंपनीवर नसतं. ठेकेदाराकडच्या कामगाराला पीएफ असतो, पण तो भरायचं काम ठेकेदाराकडे असतं.

हा फरक आधी कळला नाही की मग मन मोडतं. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हेच दिसलं. २०२४ मध्ये ती सुरू झाली. बारावी झालेल्यांना दरमहा ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती वाढवून ११ महिने केली. मुलं शाळांत, ग्रामपंचायतींत, सरकारी कार्यालयांत कामाला लागली. घरच्यांनी ‘सरकारी नोकरी लागली’ असंच धरलं. मुदत संपली तेव्हा कायम करा म्हणून मुलांना आंदोलन करावं लागलं. कागदावर पहिल्या दिवसापासून ‘प्रशिक्षण’ असंच लिहिलं होतं. पण रोज काम तर नोकरीसारखंच करून घेतलं जात होतं! यात मुलांची फसगत झाली असं त्यांना वाटलं, तर त्यांना चूक कसं म्हणायचं?

म्हणून पहिल्या दिवशी विचारायची गोष्ट म्हणजे नेमणुकीचं पत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ हे उत्तर आता चालायचं नाही. त्या पत्रात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख आहे ना, पत्र कुणाच्या नावाच्या लेटरहेडवर आहे, हे आपणही बघावं.

दुसरं, पीएफ. पगारातून साधारणपणे १२ टक्के कापतात आणि तेवढीच रक्कम मालकाने भरायची असते. कापलेले पैसे खरंच भरले जातात का, हे मोबाइलवरच्या उमंग ॲपमध्ये पासबुक उघडून दिसतं. दर महिन्याला बघायची सवय लावा. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रथमच पीएफच्या नोकरीत लागणाऱ्या, महिना १ लाखापर्यंत पगार असलेल्या तरुणांसाठी केंद्राची आणखी एक योजना आहे. त्यांना जास्तीत जास्त १५ हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पैशांच्या व्यवहाराचं एक छोटं प्रशिक्षण घेतल्यावर. म्हणजे टिकण्याला आता सरकारही किंमत मोजतं आहे.

तिसरं, सावधगिरी. नोकरी देण्यासाठी कुणी ‘डिपॉझिट’, ‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘युनिफॉर्मचे पैसे’ आधी मागितले, तर तिथूनच परत फिरावं. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नयेत. दाखवाव्यात, झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रत पिशवीत घालून घरी आणावी.

मुलीची पहिली नोकरी

आता खरं बोलायचं ते मुलींबद्दल. काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण देशात वाढलं, असं आकडे सांगतात. पण त्यातल्या नियमित पगाराच्या नोकरीत असलेल्या बायकांचा वाटा २०१७-१८ मध्ये साधारण २१ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये साधारण १६ टक्क्यांवर आला. म्हणजे बायका राबतात जास्त, पण पगाराचं पाकीट कमी जणींच्या हातात येतं. त्यामुळे एखादीला पगाराची नोकरी मिळते, तेव्हा ती टिकणं फार मोलाचं आहे.

आणि ती का सुटते? बहुतेक वेळा कामामुळे नाही. वर्गातल्या मुली नंतर भेटतात, बोलतात, त्यावरून सांगते. कुणीतरी नको ते बोलतं, नको तिथे थांबवून ठेवतं, रात्री नको ते मेसेज पाठवतं. मुलगी घरी सांगत नाही. का? कारण तिला माहीत असतं, सांगितलं की पहिली बंद होणार ती तिची नोकरी. ज्याने त्रास दिला त्याचं काही बिघडणार नाही, आपणच घरी बसणार. मग ती सोसते. किंवा काहीतरी कारण सांगून नोकरी सोडते आणि आपण म्हणतो, ‘मुलींना चिकाटी नाही.’

लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. चार माणसांचं दुकान असो की दोन खोल्यांचा दवाखाना, तिथल्या मुलीसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. मेसेज पुसून न टाकता जपून ठेवायचे, तारखा लिहून ठेवायच्या. एवढं प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईला माहीत असायलाच हवं.

पण कायद्याच्याही आधी आईचा शब्द हवा. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मुलीला जवळ बसवून सांगायचं, ‘तिथे काही वावगं घडलं तर मला सांग. सांगितलंस म्हणून तुझी नोकरी मी बंद करणार नाही.’ आणि घरात तिच्या वडिलांसमोर, भावासमोर हा शब्द पाळायचा. हे बोलायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. गाव बोलतं, नातेवाईक बोलतात. पण हा एक शब्द नसेल, तर बाकीच्या सगळ्या तयारीचा उपयोग नाही.

आणखी एक. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा आणि एटीएम कार्ड तिच्याच पर्समध्ये असावं. घरखर्चाला तिने द्यावेत, जरूर द्यावेत. पण तिने द्यावेत, आपण काढून घेऊ नयेत.

शेवटी उरतो तो रोजचा प्रश्न. मूल रात्री फोन करून रडत म्हणतं, ‘आई, मला इथे नाही राहायचं.’ लगेच ‘ये परत’ म्हणू नये आणि लगेच ‘सहन कर’ असंही म्हणू नये. आधी विचारावं : काम अवघड जातंय का? मग ते शिकता येईल, थोडं थांब. माणसं नवीन आहेत, करमत नाही का? मग वेळ जाऊ दे, पुढच्या रविवारी मी येऊन जाते. पगार बुडवतात, कागद देत नाहीत, कुणी अंगचटीला येतं का? मग एक दिवसही मुकाट्याने सोसू नकोस, आपण काय करायचं ते मिळून ठरवू. ती नोकरी सोडावी लागली, तरी ती पळून येणं नव्हे.

या तीन गोष्टींतला फरक मुलांना एकट्याने कळत नाही. बाविसाव्या वर्षी कुणालाच कळत नसतो. तो समजावून सांगणारं माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला असलं, तर पुष्कळ मुलं टिकतील.