चोवीस तासांची जाहिरात

माळव्यात गौतमपुऱ्याच्या ज्या वहिनींच्या बटाट्याच्या चिप्सबद्दल मी या सदरात मागे लिहिलं होतं, त्यांचा या आठवड्यात फोन आला. आवाज चढलेला होता. खरेदी-विक्रीच्या एका अ‍ॅपवर कुणा विक्रेत्याने ‘घरगुती मालवी चिप्स’ची पाकिटं विकायला ठेवली आहेत आणि वर फोटो आहे वहिनींच्या गच्चीचा. "भाऊजी, गच्ची माझी, साड्या माझ्या, वाळत घातलेला माल माझा. मग पाकिटं कुणाची?"

मी विचारलं, फोटो कुठे टाकला होता? स्टेटसला. कधी? गेल्या वर्षी, नाहीतर त्याच्या आदल्या वर्षी. मूळ फोटो आहे का? फोन बदलला तेव्हा गेला.

मला चोरीपेक्षा ही उत्तरं जास्त लागली. त्यांचा सगळा धंदा मोबाइलवर उभा राहिला आहे. बटाटा निघाला की काप पाडायचे, तुरटीच्या पाण्यातून काढायचे, एक उकळी द्यायची आणि गच्चीवर जुन्या सुती साड्यांवर पसरायचे. दर टप्प्याचा फोटो स्टेटसला आणि खाली ‘ऑर्डर सुरू’. इंदूर, देवास, उज्जैन आणि नणंदेमुळे पुण्याच्या एका सोसायटीपर्यंत माल जातो. जाहिरात म्हणून यात काही कमी नव्हतं. पण व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस चोवीस तासांनी पुसलं जातं. इतके हंगाम जाहिरात झाली, माल खपला आणि आज हातात एकही तारीख नाही.

‘धंद्याला इंटरनेटवर स्वतःचं पान हवं’ हे मी या सदरात वारंवार लिहिलं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, पान वाचतं कोण? गिऱ्हाईक वाचो न वाचो, उद्या भांडण झालं तर ते पान तक्रारीला जोडता येतं. माझा आग्रह त्यासाठी होता आणि या आठवड्यात तो खरा ठरला, याचा मला जराही आनंद नाही.

गौतमपुऱ्याचं नाव मोबाइलवर शोधून पाहा. समोर येतं ते हिंगोट युद्ध. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलगी हे दोन गट समोरासमोर उभे राहतात. हिंगणाचं फळ पोखरून त्यात दारू ठासलेली, दिशा धरायला बांबूची काडी बांधलेली, अशी पेटती हिंगोटं एकमेकांवर सुटतात. दरवर्षी माणसं भाजतात. त्याच्या चित्रफिती बाहेरून आलेल्या लोकांच्या असतात आणि त्यांवर मिळणारा पैसाही बाहेरच जातो. वर्षाचे उरलेले दिवस इथे बटाटा, लसूण, गहू पिकतो, दुकानं चालतात, बायका वाळवणं करतात. त्याची नोंद गावातल्या कुणी ठेवलेली नाही. मग दुसऱ्याने गच्चीचा फोटो उचलला तर ती गच्ची गौतमपुऱ्याची आहे हे सांगणार कोण?

इथे मला कोल्हापुरी चपलेचं उदाहरण मांडायचं आहे. कुठे कोल्हापुरी आणि कुठे गौतमपुऱ्याचे चिप्स, असं कुणी म्हणेल. पण छोट्या कारागिराचा माल मोठ्याने उचलला आणि तो मोबाइलच्या पडद्यावरून परत मागता आला, असं अलीकडचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात मॉडेल जे घालून चालले ते बघून कोल्हापुरात कुणालाही दुसरं नाव सुचलं नसतं. प्राडाने त्याला नुसतं चामड्याची सँडल म्हटलं. भारताचा उल्लेख नाही, कोल्हापूरचा तर नाहीच. पुढच्या काही दिवसांत जे झालं ते कोर्टात झालं नाही. लोकांनी प्रदर्शनातल्या फोटोशेजारी आपल्या घरातल्या चपलेचा फोटो लावला आणि विचारलं, हे काय? महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं. आठवड्याच्या आत प्राडाकडून उत्तर आलं की ही पादत्राणं शतकानुशतकांच्या भारतीय हस्तकलेपासून प्रेरित आहेत. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला: इथल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून घ्यायचे, किंमत सुमारे ८०० युरो.

मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली होती. १६ जुलैला न्यायालयाने ती फेटाळली. याचिका करणारे वकील होते, चपलेचे नोंदणीकृत मालक नव्हते. कोल्हापुरीच्या भौगोलिक निर्देशनाची, म्हणजे जीआयची, नोंदणी याच दोन महामंडळांच्या नावावर आहे. दाद मागायची तर त्यांनी यावं, असा त्या निकालाचा रोख होता. अनेकांना तो कठोर वाटला. मला तो कामाचा वाटला, कारण त्याने एक गोष्ट उघड केली: गर्दी ओरडू शकते, पण दारात उभं राहायला ज्याच्या नावाचा कागद आहे तोच लागतो.

कोल्हापुरीकडे तो कागद होता. २०१९ च्या जीआयमध्ये महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, अशी हद्द आखलेली आहे. लोकांचा राग त्या नोंदीवर टेकून उभा होता. ‘ही आमची’ म्हणताना प्रत्येकाला बोट ठेवायला जागा होती. नोंद नसती तर तोच राग चार दिवसांत निवला असता, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्याच गदारोळात एक छोटं दुकान काय करत होतं ते पाहा. ऑनलाइन कोल्हापुरी विकणाऱ्या ‘शॉपकोप’च्या संस्थापकाने प्राडाला उद्देशून इन्स्टाग्रामवर खुलं पत्र टाकलं. रॉयटर्सच्या त्या दिवसांतल्या बातमीप्रमाणे तीन दिवसांत त्याच्या सुमारे पन्नास हजार रुपयांच्या चपला खपल्या, नेहमीच्या पाचपट. ते पत्र हक्क सांगणारं होतं आणि तेच पत्र मालही विकून गेलं. आपल्याकडे जाहिरात एका खोलीत आणि वकील दुसऱ्या खोलीत अशी वाटणी करून ठेवली आहे. छोट्या माणसाला दोघंही परवडत नाहीत. त्याला एकच लिखाण करायचं आहे, जे आज माल विकेल आणि पाच वर्षांनी साक्षीला उभं राहील. महाराष्ट्राच्या महामंडळाने त्याच जुलैत खऱ्या कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड पुढे आणला तोही याच जातीचा उपाय आहे. स्कॅन केलं की कारागिराची ओळख कळते, आणि ती ओळखच विकते.

आता हे सगळं गौतमपुऱ्याच्या गच्चीवर आणून ठेवू. जीआयची वाट पाहत बसू नका. शेजारच्या रतलामी शेवेला तो मिळाला आहे, पण तो जागेला आणि समूहाला मिळतो. एकट्या बाईच्या चिप्सना त्याची सावली पडायला फार वेळ लागेल. तिच्या हातात आधी आहे तो फोटोवरचा हक्क. फोटो काढला त्या क्षणी तो काढणाऱ्याचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. कॉपीराइट नियम २०१३ मधला ७५ वा नियम सांगतो की लेखी तक्रार मिळाल्यावर अशा मध्यस्थ अ‍ॅपने ३६ तासांत तो मजकूर दिसण्यापासून रोखावा, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणावा. पण तक्रारीत फोटो आपला आहे हे दाखवावं लागतं. मूळ फोटो गेला असेल तर ज्या गिऱ्हाइकांना तो चॅटमध्ये पाठवला होता त्यांच्याकडे तो तारखेसह पडून असेल. वहिनींना मी तेच सांगितलं: पुण्याच्या नणंदेला फोन करा, जुनं चॅट पुसू नका म्हणावं.

दुसरी गोष्ट नावाची. वहिनींच्या पाकिटावर आजही नाव नाही, साधी प्लास्टिकची पिशवी आहे. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत होतो आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. ती करावीच. पण नाव ठरवून वापरायला लागल्यावर त्या विक्रेत्याने तेच आधी नोंदवलं तर? ट्रेडमार्क कायद्याचं ३४ वं कलम आधीपासून सतत वापर करणाऱ्याला संरक्षण देतं. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’च्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचा मानला. ते हलव्याचं एक छोटंसं दुकान होतं. पण आधी वापरत होतो हे सिद्ध करावं लागतं: बिलांनी, पाकिटांनी, तारीख घातलेल्या लिखाणाने. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे मोबाइलमधला पुरावाही प्रमाणपत्र जोडून कोर्टात चालतो. पुसलेलं स्टेटस मात्र कोणत्याच कलमात बसत नाही.

इथे एक रास्त भीती आहे. सगळं लिहून टाकलं तर कृती चोरीला जाईल. धंद्याच्या गुपिताला आपल्या देशात अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तो करावा असं सुचवलं, इतकंच. म्हणून तुरटी किती, उकळी किती मिनिटं, हे वहिनींनी कुणालाही सांगू नये. पण गच्ची दाखवावी, शेत दाखवावं, बटाटा ज्योती की चिपसोना ते सांगावं, हात दाखवावेत, तारीख घालावी, गावाचं नाव घालावं. फोटोत कुठेतरी स्वतःचं नाव लिहिलेली पाटी असावी. कृती गुप्त आणि जागा उघड, असा हिशेब ठेवला की चोराच्या हाती जे लागेल त्यावर तुमचाच पत्ता असेल.

आणि हे लिखाण स्वतःच्या भाषेत असावं, हा माझा जुना हट्ट आज पुन्हा मांडतो. इंग्रजीत दोन ओळी कुणाकडून लिहून घेतल्या की त्या सगळ्या दुकानांच्या सारख्याच निघतात, ‘शुद्ध, दर्जेदार, घरगुती’. वहिनी ज्या मालवी-मराठीत फोनवर बोलतात त्या बोलीतल्या चार ओळी उचलून दुसऱ्याने लावल्या तर गिऱ्हाईक लगेच ओळखेल की या बाईच्या तोंडच्या आहेत. याला माझ्याकडे आकडेवारी नाही, पण गिऱ्हाइकांशी बोलून माझी ही खात्री झाली आहे. देवनागरीत पत्ता घेता येणारी ‘.भारत’ ही सोय २०१४ पासून आहे. माळव्यातल्या मराठी दुकानदारांनी ती वापरावी अशी माझी फार इच्छा आहे. पान भाड्याच्या अ‍ॅपवर असेल तर अ‍ॅपवाल्याने खातं बंद केलं त्या दिवशी सगळं जातं. स्वतःच्या पत्त्यावरचं पान तसं एका रात्रीत कुणी काढून घेत नाही.

गौतमपुऱ्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या गौतमाबाई, मल्हारराव होळकरांच्या पत्नी. १७३४ मध्ये पेशव्यांकडून त्यांच्या नावाने खासगी जहागीर लिहून मिळाली. तिचा हिशेब दौलतीच्या हिशेबापासून वेगळा राहत असे, आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. नवऱ्याचं राज्य असतानाही बाईच्या नावाने वेगळा कागद असावा, हे त्या काळात कळलं होतं. त्याच गावात आज कमावत्या बायकांच्या धंद्याचा मोबाइल नंबरही पुष्कळदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो. माल तिचा, फोटो तिचा, खातं दुसऱ्याचं. हे या हंगामात बदलायला हवं.

जिल्हा उद्योग केंद्राला आणि बचत गटांच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. लोणच्याची बाटली कशी सजवायची याच्या शिबिरातला एक तास कमी करा आणि त्या तासात प्रत्येक बाईकडून तिच्या नावाचं एक पान, तिच्या नावाचं ईमेल खातं आणि तारीख घातलेले दहा फोटो करून घ्या. वाचकांपैकी ज्यांचा छोटा धंदा आहे त्यांनी आज रात्री आपल्या दुकानाचा तारीख असलेला सर्वांत जुना कागद किंवा फोटो शोधावा, त्याची प्रत ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवावी, आणि उद्या स्टेटसला जे टाकणार आहात ते आधी आपल्या पानावर टाकावं.