न कळलेल्या शब्दांची बाजू

बॉब डिलन यांना २०१६ च्या ऑक्टोबरात साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्या आठवड्यात आमच्या परिचयातील साहित्याच्या अध्यापकांमध्ये उभे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, असेच चालले तर उद्या सिनेमाची गाणी लिहिणाऱ्यांना ज्ञानपीठ द्याल. (पुढे २०२३ चे ज्ञानपीठ गुलजार यांना मिळाले, तेव्हा हे गृहस्थ काय म्हणाले ते आम्ही मुद्दाम विचारले नाही.) दुसऱ्या तटाचे म्हणणे, होमर तरी काय करत होता? वाद रंगला, चहा झाला, आणि मग आमच्या ध्यानात आले की दोन्ही तटांनी डिलनची गाणी छापील कागदावर वाचली होती. ऐकण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

आम्ही त्या वादात बोललो नाही. बोलायचे होते ते असे की, गाण्याचे शब्द ही कविता आहे की नाही याची आम्हांस फारशी चिंता नाही. मात्र गाणे आवडण्यासाठी त्याचे शब्द आधी कळलेच पाहिजेत, हा जो सर्वांचा समज आहे तो आम्हांस मान्य नाही. या मताला आमचे चरित्र कारणीभूत आहे, म्हणून ते थोडक्यात सांगणे भाग आहे.

आम्ही मराठी माध्यमाचे. पाचवीपासून इंग्रजी, तेही फळ्यावरचे. घरातला टेपरेकॉर्डर मामांनी मुंबईहून आणून दिलेला आणि त्यावर वाजायची ती नाट्यगीते व भावगीते. अशा घरात आमच्या मावसभावाने अभियांत्रिकीच्या वसतिगृहातून एक कॅसेट आणली. ती प्रतीची प्रत असलेल्या प्रतीची प्रत होती. वर निळ्या शाईने 'इंग्लिश – मिक्स' एवढेच. गाणे कोणाचे, नाव काय, काही पत्ता नाही. त्यातले आम्हांस सर्वाधिक आवडलेले गायन आर. ई. एम. या अमेरिकन बँडचे होते, हे कळायला तीन वर्षे लागली. शब्द तर मुळीच कळत नव्हते. आम्ही ते आमच्या इंग्रजीचे दारिद्र्य समजलो. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलांसमोर त्या बँडचे नाव काढायची आमची छाती होत नसे; न जाणो, एखाद्याने अर्थ विचारला तर?

पुढे वाचनात आले की त्या बँडचा गायक मायकल स्टाइप सुरुवातीच्या काळात मुद्दामच तोंडातल्या तोंडात गात असे, आणि त्यांच्या १९८३ च्या पहिल्या अल्बमचे नावच मुळी 'मर्मर', म्हणजे पुटपुट, असे होते. अस्सल इंग्रजी मातृभाषेचे श्रोतेही कानाला हात लावून 'काय म्हणाला?' असे एकमेकांस विचारत होते! तो दिवस आम्हांस दहावीच्या निकालाहून अधिक आनंदाचा वाटला. आमच्या इंग्रजीचा त्यात दोष नव्हता. निदान सगळाच नव्हता.

यापुढची हकीकत 'लुई लुई' या गाण्याची. रिचर्ड बेरी यांचे हे मूळ गाणे तसे निरुपद्रवी. एक खलाशी आपल्या प्रेयसीविषयी बोलतो, एवढेच. १९६३ साली 'किंग्जमेन' नावाच्या तरुण बँडने ते ध्वनिमुद्रित केले. मायक्रोफोन उंचावर टांगलेला. गायकाने मान वर करून ओरडून जे म्हटले ते कोणालाच समजले नाही. जे समजले नाही ते अश्लील असणारच, हा पालकांचा जगन्मान्य सिद्धान्त. तक्रारी गेल्या, इंडियाना राज्याच्या गव्हर्नरांनी लक्ष घातले आणि अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर खात्याने, म्हणजे साक्षात एफ. बी. आय.ने, १९६४ मध्ये चौकशी आरंभली. प्रयोगशाळेत तबकडी निरनिराळ्या वेगांनी फिरवून पाहण्यात आली. निष्कर्ष निघाला तो असा की, कोणत्याही वेगावर शब्द समजत नाहीत. गीतसमीक्षेच्या इतिहासात इतका प्रामाणिक अभिप्राय दुसरा झाला नसेल. आमचे काही सहकारी याच्या निम्म्या पुराव्यावर चाळीस पानांचा शोधनिबंध लिहितात.

आता कोणी म्हणेल, न समजण्याचे हे कौतुक पाश्चात्त्यांचे चोचले आहेत. आपल्या परंपरेत शब्दाला मान आहे. अभंगापुरते ते खरे. पण पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून बसलेल्या रसिकांना जरा विचारावे, की आत्ता जो विलंबित ख्याल झाला त्याच्या बंदिशीत काय होते? दहांतले आठ जण राग सांगतील, घराणे सांगतील, गायकाच्या गुरूंचे गुरूही सांगतील. शब्द विचारल्यावर मात्र सास, ननद आणि पिया यांच्यापलीकडे गाडी जाणार नाही. पाऊण तास एका व्रज भाषेतल्या ओळीवर डोलणारा हा रसिक आपल्या मुलाच्या खोलीत डोकावून 'त्या आरडाओरड्याचा अर्थ तरी कळतो का रे तुला?' असे विचारतो, तेव्हा मुलाने नम्रपणे बंदिशीचा अर्थ विचारावा अशी आमची शिफारस आहे.

तर मुद्दा हा की अर्धवट ऐकू येणे हा दोषच मानला पाहिजे असे नाही. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली या प्रकाराला एक नावच देऊन टाकले. लहानपणी आई एक स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवी. त्यातल्या सरदाराचा मृतदेह हिरवळीवर ठेवतात, असे मूळ शब्द. बालिकेला ऐकू आले ते असे की सरदारासोबत 'लेडी मॉन्डग्रीन' नावाची एक स्त्रीही मारली गेली. खरे शब्द समजल्यावर बाईंना वाईट वाटले, कारण तो सरदार आता एकटाच मेला होता. मॉन्डग्रीन हा शब्द तेव्हापासून चुकीच्या श्रवणासाठी रूढ झाला. आम्हांस यात आईपेक्षा मुलगी अधिक चांगली वाचक वाटते.

कवी स्वतः तरी काय वेगळे करतात? जॉन लेनन ज्या क्वॉरी बँक शाळेत शिकला, तिथल्या एका विद्यार्थ्याने १९६७ साली त्याला पत्र लिहून कळवले की आमचे शिक्षक वर्गात बीटल्सच्या गाण्यांचे रसग्रहण घेतात. लेननने त्यावर अशा शिक्षकांची फजिती व्हावी म्हणून शक्य तितके निरर्थक शब्द 'आय ॲम द वॉलरस' या गाण्यात कोंबले. यातला वॉलरस लुइस कॅरलच्या कवितेतला. आणि तो वॉलरस त्या कवितेत खलनायक आहे, हे लेननच्या ध्यानात फार उशिरा आले. म्हणजे शिक्षकांची टिंगल करणाऱ्या या महाभागाने मूळ पाठ्य नीट वाचलेच नव्हते. परीक्षेत त्याला आम्ही किती गुण दिले असते, ते विचारू नये.

त्या शिक्षकांचा पक्ष घेण्याचे आम्हांस वैयक्तिक कारण आहे. एका महाविद्यालयात अध्यापन करीत असताना आम्हीही एकदा डिलनच्या एका गाण्याची प्रत काढून वर्गात वाटली. टेप नेला नाही. ध्वनीची सोय नव्हती आणि खरे सांगायचे तर टेप नेणे प्राध्यापकपदाला शोभणार नाही अशी भीती होती. यमके दाखवली, प्रतिमा उलगडल्या, बायबलचे संदर्भ दिले. तासाच्या शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, हे म्हणून दाखवता का?" आमचा गळा आमच्या घरच्यांना ठाऊक आहे. आम्ही घंटा झाल्याचे सांगून बाहेर पडलो. घंटा झाली नव्हती.

डिलन यांनी २०१७ च्या जूनमध्ये आपले नोबेल व्याख्यान दिले, त्यात त्यांनीही हेच सांगितले की गाणी साहित्यासारखी नसतात, ती गाण्यासाठी असतात, वाचण्यासाठी नव्हेत. (याच व्याख्यानातील 'मोबी डिक'विषयीचा मजकूर विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन गाइडाशी बराच जुळतो, असे एका पत्रकार बाईंनी दाखवून दिले. आमच्या वर्गात ही बातमी अत्यंत आपुलकीने वाचली गेली.) आणि त्याआधी डिसेंबरातल्या समारंभात, डिलन गैरहजर असताना, पॅटी स्मिथ त्यांचे गाणे गायला उभ्या राहिल्या, राजासमोर, सर्व विद्वानांसमोर, आणि मध्येच शब्द विसरल्या. थांबल्या, क्षमा मागितली, घाबरले आहे म्हणाल्या, पुन्हा सुरुवात केली. दोन्ही तटांनी हे पाच मिनिटे पाहिले असते तर पुष्कळ चहा वाचला असता.

आर. ई. एम.ने १९९८ च्या 'अप' या अल्बमवर पहिल्यांदा सर्व गाण्यांचे शब्द छापले. आम्ही तो विकत घेतला, पुस्तिका उघडली, आणि मिटून ठेवली. पुढे २०११ मध्ये बँड मोडला. आता तर कोणत्याही गाण्याचे शब्द फोनवर गाण्याबरोबर सरकतात. ऐकण्याआधीच वाचून होतात. आम्ही ती सोय बंद करून ठेवली आहे. एकदाच मोह झाला, तो त्या जुन्या कॅसेटमधल्या एका गाण्यापुरता. त्याच्या ध्रुवपदाच्या शेवटी गायक 'मामा गेले' असे म्हणतो, अशी आमची बारा वर्षांचे असल्यापासून खात्री होती. तेव्हा त्याचे हसू येई. मावसभाऊ आणि आम्ही मामांसमोरच ते मोठ्याने म्हणत असू, आणि मामा टेपरेकॉर्डरचे झाकण पुसत विचारत, "कुठे गेलो रे?"

अकरावीत असताना मामा खरोखरच गेले. त्यानंतरचे काही महिने ती कॅसेट लावण्याची सोय राहिली नाही, आणि नंतर दुसरे काही लावण्याची इच्छा राहिली नाही.

मूळ शब्द आम्ही गेल्या वर्षी पाहिले. तिथे मामा नाहीत, जाणे नाही. एका रस्त्याविषयी काहीतरी आहे. वाचून झाल्यावर गाणे पुन्हा लावले. शब्द समोर होते, चष्मा नाकावर होता, आता चुकायचे काही कारण नव्हते. ध्रुवपद आले, आणि गायक म्हणाला, मामा गेले.