घड्याळ कोठून लावावयाचे?

नागपूर ते अमरावती हे हवाई अंतर सुमारे 140 किलोमीटर. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानास त्यासाठी सतरा मिनिटे पुरावीत, असे त्रैराशिक शाळकरी मुलगाही मांडील. आम्हीही एके काळी फळ्यावर अशी गणिते घातली आहेत. परंतु चढण्या-उतरण्याचा अवधी धरताच सतरा मिनिटांचा अर्धा तास होतो. विमानतळावरची तपासणी आणि सामानाची प्रतीक्षा त्यात मिळविली, तर मोटारीने निघालेला गृहस्थ आधीच घरी पोहोचून पानावर बसलेला असावयाचा!

16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा आम्हांसही आनंद झाला. मात्र वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथून हिशेब केला, तर चित्र वेगळे दिसते. येथून नागपूरचा विमानतळ सडकेने सुमारे पाऊणशे किलोमीटर, तर बेलोरा शंभराहून अधिक. नागपूरहून मुंबईस जेट विमानाला दीड तास पुरतो. बेलोऱ्याच्या एटीआरला पावणेदोन तास लागतात. म्हणजे सावंगीकराचे सडकेवरही अधिक जाते आणि आकाशातही. याच जिल्ह्यातील आर्वीकराला मात्र बेलोराच जवळ. जिल्हा एक, पण सोयीचा विमानतळ एक नव्हे.

सावंगीस 1990 मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी हा केवळ प्रवाशांच्या सुखसोयीचा प्रश्न उरत नाही. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय सर्वसाधारणपणे चार तासांच्या आत दुसऱ्याच्या देहात बसवावे लागते. ते चार तास विमान धावपट्टी सोडते तेव्हापासून मोजले जात नाहीत; शस्त्रक्रियागृहापासूनच ते सरू लागतात. तेथे सडकेवर वाया गेलेला अर्धा तास कोणत्याही वेगाच्या विमानाने भरून निघत नाही.

2016 साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत स्वस्त आसनांमागे विमान कंपनीस होणारी तूट भरून देण्याची तरतूद आहे. ती योग्यच आहे. पण घरापासून विमानतळापर्यंतच्या वाटेचा विचार कोणी करावयाचा? आम्हांस तर वाटते, विदर्भातील विमानतळ एकमेकांस जोडण्याच्या घोषणा तूर्त बाजूस ठेवाव्यात. पल्ला चार-पाचशे किलोमीटरांवर गेला, तरच विमानाला अर्थ येतो.

1949 साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या व्यवस्थेत वेळेची सांगड हीच मुख्य गोष्ट होती. पत्रांसाठी जे साधले, ते माणसांसाठी मागण्यात काही अतिरेक नाही. राज्य परिवहन महामंडळाने विमानाच्या वेळापत्रकास जुळणाऱ्या गाड्या वर्ध्याहून सावंगीमार्गे नागपूर विमानतळास आणि आर्वीहून बेलोऱ्यास सोडाव्यात. ज्या लहान विमानतळांवर रात्री विमान उतरविण्याची सोय नाही, तेथे ती आधी व्हावी. नव्या प्रवासी इमारतीचे पुढे पाहता येईल.