‘सई’ की ‘आई’? – ध्वनिसंहितेच्या पाठचिकित्सेविषयी

एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी जात्यावरच्या काही ओव्यांचे लेखन करून आणले. ओव्या आमच्याच घरच्या. १९९१ साली गावच्या पडवीत आजी आणि शेजारच्या काकू दळायला बसल्या असताना माझ्या वडिलांनी त्या टू-इन-वनवर टेप केल्या होत्या. कॅसेट जीर्ण होऊ लागली तेव्हा मी ती संगणकावर उतरवून घेतली, हौसेने ‘स्वच्छ’ केली आणि तीच फाईल विद्यार्थिनीच्या हाती दिली. तिच्या लेखनात एका ओवीचा प्रारंभ ‘आई’ असा होता. माझ्या स्मरणात त्या जागी ‘सई’ होते. फाईल लावून ऐकली. विद्यार्थिनीचे काहीच चुकले नव्हते. फाईलमध्ये ‘आई’च ऐकू येत होते. मग मूळ कॅसेट ऐकली, आणि तेथे, बांगड्यांच्या किणकिणीत अर्धवट बुडालेला का होईना, ‘स’ होता.

ओवीच्या अभ्यासकाला या एका व्यंजनाचे मोल सांगायला नको. सासुरवाशीण आपले मन कोणापाशी मोकळे करते यावर ओवीचा अर्थ उभा असतो. आईला घातलेली साद माहेरच्या वाटेने जाते. सईला घातलेली साद सासरच्याच गावात, शेजारच्या उंबऱ्यापाशी पोहोचते. पहिलीत विरह आहे, दुसरीत सोबत. शिवाय त्या दिवशी जात्याचा खुंटा धरून समोर बसलेली बाई शेजारीणच होती. म्हणजे ही साद काव्यातल्या सईला होती तशी समोरच्या सईलाही होती. हा अर्थ पुसला गेला तो मौखिक परंपरेच्या ओघात नव्हे, किंवा लेखनिकाच्या प्रमादानेही नव्हे. तो मी पुसला होता, माउसने.

हे कसे घडले ते सांगण्यासाठी थोडे तांत्रिक विवेचन करावे लागेल. वाचकांनी ते सहन करावे, कारण माझ्या मते हा विषय तंत्रज्ञांचा कमी आणि आपला अधिक आहे.

ध्वनीचे चित्र काढण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात यासाठी एक यंत्र विकसित झाले आणि पॉटर, कॉप व ग्रीन या तिघांचा ‘व्हिजिबल स्पीच’ हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. बोललेले डोळ्यांनी वाचता यावे, विशेषतः कर्णबधिरांना, ही त्यामागची एक मोठी आकांक्षा होती. आज तेच चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, कोणत्याही साध्या संगणकावर दिसते. डावीकडून उजवीकडे काळ जातो. खालून वर वारंवारता वाढत जाते, म्हणजे खर्ज तळाशी आणि तीव्र ध्वनी माथ्याशी. आणि आवाज जितका मोठा तितका त्या जागचा रंग उजळ. गायलेला स्वर एकावर एक रचलेल्या समांतर रेषांसारखा दिसतो. ‘स’ हा वरच्या भागात पसरलेला धूसर ढग. ‘प’ किंवा ‘ट’ यांचा स्फोट ही एक बारीक उभी रेघ. विजेच्या पुरवठ्याची घरघर असेल तर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींत, १००, १५० अशा आडव्या दोऱ्या ताणलेल्या दिसतात.

पूर्वी फीत कापून जोडली जाई तेव्हा कात्री केवळ काळावर चाले. एक क्षण कापला की त्या क्षणातील सगळेच जाई. गाणारीचा स्वर आणि कोंबड्याचे आरवणे वेगळे करता येत नसे. स्पेक्ट्रोग्रामवर काम करणाऱ्या साधनांनी ही अट काढून टाकली. ऑडॅसिटी या मोफत कार्यक्रमात २०१५ पासून काळ आणि वारंवारता या दोन्ही बाजूंनी बांधलेला आयत निवडता येतो. अडोबी ऑडिशन किंवा आयझोटोप आरएक्स यांसारख्या साधनांत लॅसो असतो. माउसने हवा तसा वेडावाकडा फास टाकून चित्राचा एक तुकडा वेढून घ्यायचा. कुंचला असतो, ज्यावरून तो फिरेल तेवढेच निवडले जाते. एखाद्या जागी टिचकी मारताच तिच्यासारखा दिसणारा लगतचा भाग आपोआप निवडणारी ‘जादूची कांडी’ही असते. निवडलेले मग पुसता येते, मंद करता येते, किंवा त्या जागी आजूबाजूच्या ध्वनीवरून अंदाजाने भरण करता येते.

या शेवटच्या क्रियेला तेथे ‘दुरुस्ती’ असा सौम्य शब्द आहे. आपल्या शास्त्रात पोथीचा कोपरा वाळवीने खाल्ला असता मागचेपुढचे पाहून संपादक जी अक्षरे सुचवतो, त्यांना आपण अनुमानित पाठ म्हणतो आणि ती कंसात घालतो. ध्वनीत मात्र कंस नाही. भरलेले आणि मूळचे, दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतात.

आता बांगडीकडे येतो. काचेच्या बांगड्यांची किणकिण आणि ‘स’चा उच्चार दोघेही चित्राच्या वरच्या मजल्यावर राहतात, काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. खुंटा फिरवणाऱ्या हाताची लय आणि ओळीचा आरंभ यांची गाठ पडणे स्वाभाविकच होते. ‘सई’तला ‘स’ आणि बांगड्यांचा आघात एकाच वेळी आले. तरीही दोघांची रूपे भिन्न आहेत. बांगडीचा आघात टोकदार, आणि त्यामागे विरत जाणाऱ्या काही निश्चित रेषा. ‘स’ पसरट, कडा नसलेला. नीट पाहणाऱ्याला ते वेगळे दिसू शकले असते. मला दिसले नाहीत, कारण पाहण्याचे माप मी चुकीचे निवडले होते.

हे चित्र काढताना एका वेळी आवाजाचा किती लांब तुकडा मोजायचा हे आधी ठरवावे लागते. त्या तुकड्याला विंडो म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या फाईलमध्ये ८,१९२ नमुन्यांची विंडो घेतली तर ती सुमारे १८६ मिलिसेकंदांची होते. वारंवारता सुमारे ५ हर्ट्झपर्यंत बारकाईने कळते, पण काळ फिसकटतो. ५१२ नमुन्यांची घेतली तर काळ सुमारे १२ मिलिसेकंदांपर्यंत नेमका होतो, मात्र वारंवारतेच्या रेषा ८६ हर्ट्झइतक्या जाड होतात. दोन्हींत एकदम नेमकेपणा मिळत नाही. डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली आणि कितीही महाग साधन घेतले तरी ती ओलांडता येत नाही. विजेच्या घरघरीच्या दोऱ्या सुस्पष्ट दिसाव्यात म्हणून मी मोठी विंडो ठेवली होती. त्या चित्रात बांगडी आणि ‘स’ यांचा एकच डाग झाला. त्या डागाभोवती मी लॅसो टाकला आणि डिलीटची कळ दाबली. ‘सई’च्या आरंभीचे व्यंजन गेले, उरलेला स्वर गाण्याच्या ओघात लांबवलेला असल्याने ऐकणाऱ्याच्या कानाने त्याची ‘आई’ केली. पुढे छोट्या विंडोत तोच क्षण पाहिला तेव्हा बांगडीची रेघ आणि ‘स’चा ढग एकमेकांना खेटून, पण स्वतंत्र उभे होते.

निवड करण्यापूर्वीच निवड झालेली असते, हे या प्रसंगाने मला शिकवले. वाचनाविषयी आपण वर्गात हेच सांगत असतो. कोणतीही संहिता तटस्थपणे समोर येत नाही; वाचकाचे पूर्वग्रह, त्याने धरलेले अंतर, त्याच्या काळाची अभिरुची यांतूनच ती दिसते. हे सिद्धांतरूपाने शिकवताना आपल्याला अडचण येत नाही. माउस हाती आला की मात्र तेच काम ‘साफसफाई’ वाटू लागते. मी ‘गोंगाट’ म्हणून काय काय वेगळे काढले होते, याची यादी केली तेव्हा संकोच वाटला: जात्याची घरघर, बांगड्या, सुपाची पाखड, मध्येच ‘हूं’ म्हणणारी शेजारीण, दूर रडणारे मूल. ओवीला लोकसाहित्यात श्रमगीत म्हणायचे आणि तिच्यातून श्रमाचा आवाज काढून टाकायचा, हा कोणता न्याय? जात्याची घरघर ही ओवीची पार्श्वभूमी नाही. ओळ कोठे मोडायची, श्वास कोठे घ्यायचा, पालुपद किती लांबवायचे हे फिरणाऱ्या दगडाच्या ओघात ठरते. तो ओघ पुसला की छंदाचे कारणच पुसले जाते. शेजारणीचा ‘हूं’ तर ओवी कोणाला सांगितली जात होती याचा एकमेव पुरावा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. वीजेची घरघर, कॅसेटची खरखर हेही राखायचे का? आणि ते काढल्याशिवाय शब्दच कळत नसतील तर? आक्षेप रास्त आहे. मी स्वच्छतेच्या विरोधात नाही. ५० हर्ट्झची दोरी पडवीतली नव्हती, ती उपकरणाने आणली. ती काढण्यात काही गैर नाही. किंबहुना निवडीच्या याच साधनांनी मला नंतर मोठे साहाय्य केले. निवडलेला भाग पुसण्याऐवजी तेवढाच ऐकण्याची सोय या कार्यक्रमांत असते. दोघी एकदम गातात तेथे एकीच्या स्वराच्या समांतर रेषा धरून तेवढ्याच ऐकल्या, तेव्हा काकू शेवटचा शब्द वेगळा म्हणतात हे प्रथमच कळले. तीस वर्षे आम्ही घरात जो एक पाठ समजत होतो, ते दोन पाठ होते. भिंगाखाली पोथी पाहावी तसा निवडीचा हा उपयोग आहे. भिंग आणि खोडरबर एकाच पेटीत मिळतात, एवढीच त्यातली अडचण.

या अडचणीवरचे उत्तर आपल्याच शहरात, आपल्याच शास्त्रात तयार आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिचे प्रमुख संपादक म्हणून वि. सी. सुखटणकर यांनी १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, काम पाहिले. त्या आवृत्तीने असंख्य श्लोक मूळ संहितेतून बाजूला काढले, पण एकही फेकून दिला नाही. वगळलेले सारे तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले, कोणत्या हस्तलिखितात ते आहे याच्या नोंदीसह. आणि स्वीकारलेला पाठही जेथे निःशंक नव्हता तेथे त्याखाली नागमोडी रेषा काढली. संपादकाचा संशय वाचकाला दिसला पाहिजे, हे त्या रेषेचे सांगणे आहे. माझ्या ‘स्वच्छ’ फाईलमध्ये अशी एकही रेषा नव्हती. होता तो केवळ आत्मविश्वास.

मराठीत मौखिक साहित्याचा ध्वनिरूप साठा लहान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील अनेक आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर आवाजासह ऐकता येतात. त्याखेरीज घरोघरी, महाविद्यालयांच्या कपाटांत, निवृत्त प्राध्यापकांच्या ट्रंकांत किती कॅसेटी पडल्या असतील. त्या येत्या काही वर्षांत उतरवून घेतल्या जातील, आणि उतरवणारे बहुधा आपले विद्यार्थी असतील. आता तर आवाज आणि गोंगाट आपोआप वेगळे करणारी साधने आली आहेत. लॅसो टाकणारा हात निदान माझा होता. चूक कोठे झाली ते मला शोधता आले. यंत्राने केलेल्या निवडीला तर आपण निवड म्हणूनही ओळखणार नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की एम. ए.च्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेच्या घटकाला हस्तलिखितांपाशी थांबवू नये. ध्वनिमुद्रण ही संहिता आहे आणि तिचे संपादन हे पाठसंपादन आहे, असे मानून चार नियम शिकवावेत. मूळ उतरवणीला कधीही हात लावू नये. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शनही हेच सांगते. काढलेला ध्वनी पुसून न टाकता वेगळ्या फाईलमध्ये ठेवावा. तीच त्याची परिशिष्टे. कोणत्या क्षणी, कोणत्या पट्ट्यात, किती विंडो ठेवून, कोणत्या कारणाने काय निवडले याची नोंद करावी. आणि लेखन नेहमी मूळ ध्वनीवरून करावे, स्वच्छ प्रत फार तर मदतीला घ्यावी. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लागते ती शिस्त, आणि ती आपल्या विषयात आहेच.

विद्यार्थिनीने प्रकल्प पुन्हा लिहून दिला. ‘आई’ खोडून ‘सई’ लिहिताना तिने विचारले, “मॅडम, पण बांगडीमुळे ‘स’ अर्धाच ऐकू येतो. खात्रीने लिहायचे का?” मी तिला त्या शब्दाखाली नागमोडी रेषा काढायला सांगितली.