विलायतेचे मैदान आणि घरची तयारी

परवा दांडिया बाजारातले आमचे एक जुने स्नेही संध्याकाळी घरी आले. चहा झाला, तरी गृहस्थ मूळ विषयावर येईनात. अखेर खिशातून एक छापील पत्रक काढून त्यांनी पुढे ठेवले. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा फुटबॉल उत्तम खेळतो. परदेशातील एका संस्थेने त्याला वर्षभराच्या शिक्षणासाठी बोलावले असून, पुढे व्यावसायिक संघात जागा मिळेल अशी आशाही दाखविली आहे. फी काही लाखांत. "गावाकडची उरलीसुरली जमीन काढावी म्हणतो. तुमचं काय मत?" त्यांना जे सांगितले तेच येथे मांडतो, कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही.

पहिली गोष्ट नियमाची. फुटबॉलची जागतिक संघटना जी फिफा, तिने अठरा वर्षांखालील खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी करण्यास मनाई केली आहे. आईवडील खेळाव्यतिरिक्त अन्य कारणाने त्या देशात राहावयास गेले असल्यास, असे काही मोजके अपवाद आहेत; बडोद्यातल्या मुलाला ते सहसा लागू पडावयाचे नाहीत. तेव्हा तेराव्या वर्षी पैसे भरून मिळते ती शिकवणी, नोकरी नव्हे. व्यावसायिक क्लब खेळाडूला वेतन देतो, त्याच्याकडून फी घेत नाही, एवढी खूणगाठ मनाशी बांधली तरी पुष्कळ घरे वाचतील.

बरे, अठरा पूर्ण झाली की दार उघडले, असेही नाही. सुनील छेत्री याचा २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता. परंतु जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तर देशांत नसल्यामुळे त्याला तिकडे कामाचा परवानाच मिळाला नाही. गुरप्रीतसिंग संधू २०१४ साली नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. तेथील लीगच्या सामन्यात गोल राखावयास मिळाला तो २०१६ साली. तोवर थंडीत सराव करावयाचा आणि सामने बहुधा बाकावरून पाहावयाचे. हे पायांचे काम नव्हे, मनाचे आहे.

याविषयी सर्वांत बोलकी हकीकत जुनीच आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे महंमद सलीम १९३६ साली स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबात गेले. बूट न घालता, पायांना नुसत्या पट्ट्या बांधून ते खेळले आणि तिथले प्रेक्षक थक्क झाले. क्लबाला ते हवे होते. पण त्यांना तिकडे करमेना. घराची ओढ अनावर झाली आणि दोन सामने खेळून ते परतले. त्यांच्या पायांत उणे काहीच नव्हते.

म्हणून अठरापर्यंतची वर्षे वाया जातात असे न मानता ती तयारीची मानावीत. शिक्षकाचे आणि डॉक्टरांचे बोलणे नीट समजेल इतके इंग्रजी यावे. वरणभात आपला आपण शिजवता यावा, कपडे धुता यावेत, वेळेवर निजता यावे. बारावीपर्यंतचे शिक्षण सुटू नये. गुडघा एकदा दुखावला की तेच कामी येते. करारात दुखापतीचा खर्च कोणाकडे लिहिला आहे, हे वाचण्याइतकी समज मुलाला आणि बापाला दोघांनाही असावी. आणखी एक. बारा ते एकवीस या वयात ज्या क्लबांनी खेळाडूला घडविले, त्यांना प्रशिक्षणाचा मोबदला मिळण्याची तरतूद फिफाच्या नियमांत आहे. त्यासाठी नोंदणी चोख हवी. आपल्या किती मंडळांचे दप्तर तसे असते?

यावर कोणी म्हणेल, तिकडची मुले आठव्या-नवव्या वर्षीच क्लबांच्या हाताखाली शिकू लागतात. मग आमची मागे नाही का पडणार? आक्षेप खरा आहे. पण एकाच मुलाला तिकडे धाडल्याने तो दूर होत नाही. इथल्या पन्नास मुलांना चांगला शिक्षक, सपाट मैदान आणि वर्षभर सामने मिळाले, तरच तो दूर होईल. चार घरांनी पैसे एकत्र केले तर निदान सुरुवात तरी होईल.

परदेशी पाठवणे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस पाठविले, ते बी. ए. झाल्यावर, बाविसाव्या वर्षी. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानच्या नोकरीचा करार. आधी घरची तयारी पुरी, मग प्रवास; आणि पैसा विद्यार्थ्याकडे जात होता, त्याच्याकडून निघत नव्हता.

स्नेह्यांना म्हटले, जमीन राहू द्या. मुलाला रोज पहाटे मैदानावर सोडा, आणि रविवारी स्वयंपाकघरात.