अर्ज करून मिळणारा सन्मान

ऑगस्ट उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो. 'आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव मागवण्यात येत आहेत.' सोबत माहितीचा नमुना, दोन फोटो, केलेल्या कार्याचे पुरावे, वर्तमानपत्रातील कात्रणे. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, नोंदणी शुल्क. कुठे काहीशे, कुठे काही हजार. शुल्क भरणाऱ्याला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि पाहुण्यांसोबत एक फोटो. न भरणारा त्या वर्षी आदर्श नसतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बीएड करून या पेशात आले त्याला आता बरीच वर्षे झाली. पुरस्कारांबद्दल बोललं की 'तुम्हाला मिळाला नाही म्हणून बोलता' हे ऐकावं लागतं, म्हणून आधीच सांगते. माझी तक्रार पुरस्कार मिळण्या-न मिळण्याची नाही. माणसाच्या कामाची कदर करणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच आपण स्वस्त करून टाकली आहे. ज्याचं काम बघायचं त्यालाच 'तुमचं काम सिद्ध करा' म्हणून फाईल मागितली की तो सन्मान राहत नाही, ते टेंडर होतं.

खासगी दुकानं बाजूला ठेवू. सरकारी पुरस्कार बघू. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिले जातात. पूर्वी राज्यांकडून शिफारशी जायच्या, पुरस्कारांची संख्या तीनशेच्या वर असायची आणि वशिल्याच्या तक्रारीही तेवढ्याच. 2018 मध्ये पद्धत बदलली. शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, आणि संख्या पन्नासच्या आत आणली. पन्नास हजार रुपये, रौप्यपदक, प्रमाणपत्र. वशिला मोडायचा म्हणून हा बदल झाला आणि तो हेतू चांगला होता, हे मान्य करायलाच हवं. खेड्यातल्या एखाद्या शिक्षकाला साहेबाच्या मर्जीशिवाय दिल्लीपर्यंत पोहोचता आलं, हा त्याचा फायदा.

पण अर्जाची पद्धत एक नवी जात निर्माण करते. कामाची नोंद ठेवणाऱ्यांची. वृक्षारोपणाचा फोटो निघतो, दिंडीचा निघतो, डिजिटल वर्गाचा निघतो. मुंब्र्यातल्या एखाद्या मुलीचं लग्न दहावीच्या आधी ठरतंय म्हणून तिच्या घरी चार वेळा जाऊन, अम्मी-अब्बूंशी बोलून, ते पुढे ढकलायला लावणाऱ्या बाईंचा फोटो कोण काढणार? काढला तर त्या घराचा दरवाजा पुन्हा उघडेल का? आमच्या दीनमध्ये 'रिया' म्हणजे दिखाव्यासाठी केलेली नेकी ही वाईट मानली आहे. आमच्या पुरस्कारांचा नमुना मात्र रिया केल्याशिवाय भरताच येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. राष्ट्रीय पुरस्काराच्या नियमांत कंत्राटी शिक्षक अपात्र आहेत. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. महाराष्ट्रात 2000 पासून शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2022 संपेपर्यंत महिना सहा हजार मिळत होते. जानेवारी 2023 पासून ते सोळा हजार झाले. सहा हजारांत कल्याणला भाड्याची खोली तरी मिळते का? आणि कॉलेजात तर तासिका तत्त्वावर शिकवणारे आहेत. नेट, सेट, पीएचडी झालेली माणसं एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावत तास घेतात. सुट्टी लागली की कमाई बंद. वर्गातली मुलं त्यांना 'सर', 'मॅडम' म्हणतात. त्या मुलांना हे माहीतही नसतं की कॉलेजच्या सत्कार समारंभात खुर्च्या लावायला हे सर चालतात, खुर्चीवर बसायला चालत नाहीत.

रणजितसिंह डिसले यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. ही खरी शिक्षकी वृत्ती. साऱ्या महाराष्ट्राने अभिनंदन केलं. पुढे जानेवारी 2022 मध्ये हेच शिक्षक फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा मागतात, तर रजेचा प्रश्न शिक्षणमंत्र्यांना हात घालावा लागेपर्यंत वाढतो. त्याच वर्षी जुलैत त्यांच्या राजीनाम्याची बातमी आली. कोणाचं काय चुकलं या वादात मी पडत नाही. प्रशासनाची म्हणून एक बाजू असते. पण ज्याला हार घालायला सगळे पुढे, त्याची रजेची फाईल पुढे सरकायला कोणी नाही, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं.

विद्यार्थ्यांकडे वळू. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. दीक्षान्त समारंभात सुवर्णपदकं दिली जातात आणि ती मिळवणाऱ्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण 2017 आठवा. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय पुरेशी तयारी नसताना घेतला गेला. निकाल महिनोनमहिने लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. मुलांच्या पुढच्या प्रवेशाचे आणि नोकरीचे दिवस मात्र परत आले नाहीत. विद्यार्थ्याचा पहिला सन्मान म्हणजे त्याचा पेपर नीट तपासून निकाल वेळेवर देणं. ते होत नसेल तर पदकाचा सोहळा कितीही देखणा असो, तो काही मोजक्यांचाच राहतो.

आणि फ्लेक्स? राज्य मंडळाने गुणवत्ता यादी लावणं केव्हाच बंद केलं, मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. ती यादी आता डोंबिवली स्टेशनबाहेर क्लासवाल्यांनी लावली आहे. आणि नगरसेवकांनी. त्या फ्लेक्सवर नेत्याचा चेहरा हातभर, कार्यकर्त्यांचे वीतभर आणि ज्या पोरीने 96 टक्के मिळवले तिचा पासपोर्ट फोटोएवढा.

आता माझ्या समाजाबद्दल बोलते, कारण दुसऱ्यांना बोलून आपलं झाकायचं हे मला पटत नाही. मुंब्रा, भिवंडी, कल्याणला दर जून-जुलैत गुणगौरवाचे जलसे होतात. चांगली गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हे एवढ्या प्रमाणात नव्हतं. पण स्टेजवर कोण असतं? नीट पास झालेला, नव्वदच्या वरचे. भिवंडीत बाप पॉवरलूमवर रात्रपाळी करतो, आई घरी शिलाईचं काम करते, घरातली पहिली दहावी पास मुलगी 58 टक्के आणते, तिचं नाव यादीत नसतं. का नसावं? नव्वदवाल्याच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या असू शकतात. 58 वालीने एकटीने जो डोंगर चढलाय त्याची उंची टक्क्यांत मोजता येत नाही.

आपल्याच इतिहासात एक धडा आहे. 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्यात विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला. तेव्हा गाव त्यांच्या विरोधात होतं, मुलींना शिकवणं हे पाप ठरवलं जात होतं. त्या शालीला अर्थ होता, कारण ती एकाकी माणसाच्या पाठीवर पडली होती. आज शाल पडते ती आधीच हार घातलेल्या गळ्यात.

आणि फातिमा शेख? सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे माहेरी असल्याने शाळेचा भार तिच्यावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय. एका सहकारी बाईने दुसरीबद्दल लिहिलेला तेवढा उल्लेख. ना प्रमाणपत्र, ना कात्रण. आजचा नमुना फातिमाबींसमोर ठेवला असता तर पुराव्याअभावी त्यांचा प्रस्ताव अपात्र ठरला असता. आपण राज्य पुरस्काराला सावित्रीमाईंचं नाव दिलं, डोंबिवलीच्या नाट्यगृहाला दिलं. त्यांची सहकाऱ्याला ओळखण्याची नजर मात्र घेतली नाही.

शिक्षकेतरांचा तर विषयच निघत नाही. शाळेचं फाटक उघडणारे मामा, लहान मुलींना बाथरूमला नेणाऱ्या खाला, परीक्षेचे फॉर्म उपाशीपोटी भरत बसणारे क्लार्क. डिसेंबर 2020 मध्ये शासनाने खासगी अनुदानित शाळांतली शिपायांची नियमित पदं पुढे न भरता त्याऐवजी शाळेला ठोक 'शिपाई भत्ता' देण्याचा निर्णय घेतला. पदच भत्ता झालं, मग माणसाचा गौरव कोण करणार?

'मग अर्ज नको तर निवड कशी करायची?' हा प्रश्न योग्य आहे. माझी उत्तरं साधी आहेत. पाच वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या मुलांना विचारा, कोणत्या शिक्षकाचं नाव घ्याल. त्यांना आता गुणांची भीती नाही, ती खरं सांगतील. पालकांना विचारा. मग निवड करणाऱ्याने वर्गात येऊन मागच्या बाकावर एक तास बसावं. महापालिका, संस्था आणि कॉलेजांनी आपापल्या पुरस्कारांत कंत्राटी, मानधनी आणि तासिकावाल्यांना घ्यावं. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. दरवर्षी एक सन्मान शिक्षकेतर कर्मचाऱ्याचा असावा. जलशात टक्क्यांसोबत घरातल्या पहिल्या पास मुलामुलींची वेगळी यादी वाचावी. आणि शुल्क घेऊन पुरस्कार विकणाऱ्यांच्या स्टेजवर कोणत्याही शिक्षकाने चढू नये. आपण गेलो नाही तर ते दुकान एका वर्षात बंद पडेल.

हे सगळं जमलं नाही तरी एक गोष्ट आजच जमण्यासारखी आहे. तासिकावाल्यांचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या, शिक्षकाची रजा, मेडिकल बिल आणि पेन्शनची फाईल वेळेत सोडवा, मुलांचा निकाल तारखेला लावा. शाल नंतर घाला, नाही घातली तरी चालेल.